सुशोभीकरणाला ५० लाख, देखभालीला शून्य: बागेचं आणि टेकडीच्या वाटेचं बजेट कसं मांडायचं

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडते. पुण्याच्या उपनगरात महापालिकेची अडीच एकरांची बाग आहे आणि तिच्या मागच्या फाटकातून टेकडीवर जाणारी साधारण दोन किलोमीटरची पायवाट. दोन वर्षांपूर्वी ८० लाख खर्चून जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, खेळणी, लॉन आणि कारंजं झालं. आज ट्रॅक उखडलाय, लॉन पिवळं पडलंय, कारंजं बंद आहे आणि वाटेची जागोजागी घळ झाली आहे. क्षेत्रीय कार्यालय म्हणतं, देखभालीला बजेट नाही. आणि तेच कार्यालय सांगतं की नव्या सुशोभीकरणाला ५० लाख मिळू शकतात. ते घ्यावेत का आणि देखभालीला वर्षाला किती धरावेत, हे तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी एका महापालिकेच्या उद्यान विभागात गेली. (पुण्यात नाही, पण कागद सगळीकडे तेच.) त्या अनुभवावरून सांगते. आकडे तुमच्या जागेनुसार बदलतील, पण हिशेब मांडायची रीत बदलणार नाही.

"बजेट नाही" हे अर्धसत्य आहे. पैसा आहे, पण तो दुसऱ्या खिशात आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात भांडवली कामं वेगळी आणि महसुली खर्च वेगळा. ट्रॅक बांधणं भांडवली. तो झाडणं, माळ्याचा पगार, पाण्याचा टँकर, तुटलेल्या झोक्याची साखळी हे महसुली. नगरसेवकांच्या शिफारशीने प्रभागात येणारा पैसा, पुण्यात ज्याला 'स' यादी म्हणतात तो, बहुतेक पहिल्या खिशातून येतो. गवत कापल्याची कोनशिला कुणी बसवत नाही, हे त्याचं राजकीय कारण. कायद्यातलंही एक कारण आहे. रस्ते, पाणी, मैला ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं. बागा आणि मैदानं ऐच्छिक कामांच्या यादीत. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या शहरी संस्थांच्या कामांच्या यादीत, उद्यानं-मैदानं आली खरी, पण हात आखडता घ्यायची वेळ आली की कात्री आधी इथेच लागते. त्यामुळे तुमच्या बागेत दर चार-पाच वर्षांनी नवं काहीतरी उभं राहतं आणि मधली वर्षं ती वाऱ्यावर असते.

५० लाखांकडे वळण्याआधी एक घाईचं काम. ८० लाखांच्या त्या कामाचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) मिळवा आणि त्यातला दोषदायित्व कालावधी बघा. कामाच्या प्रकारानुसार तो एक, तीन, कधी पाच वर्षांचा असतो. त्या मुदतीत काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, आणि त्यासाठीच त्याची सुरक्षा ठेव महापालिकेकडे अडकलेली असते. दोन वर्षं झाली म्हणता, म्हणजे मुदत एकाच वर्षाची असेल तर संपली, तीन किंवा पाच वर्षांची असेल तर अजून शिल्लक आहे. तिच्या शेवटच्या महिन्यात बागेची पाहणी करून दोषांची यादी करायला हवी. प्रत्यक्षात ही पाहणी फार क्वचित होते; ठेव परत द्यायची फाईल फिरते, तिच्यावर 'काम सुस्थितीत आहे' असा शेरा पडतो आणि ठेव सुटते. फोटो काढा, कुठला ट्रॅक किती मीटर उखडलाय, कुठल्या खेळण्याचं वेल्डिंग सुटलंय असं मोजून लिहा आणि उद्यान अधीक्षक व क्षेत्रीय कार्यालय दोघांकडे आवक क्रमांक घेऊन द्या. कार्यादेश मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदतात तिच्या, प्रतीही त्यातच मागा. ट्रॅकखाली मुरमाचा थर किती इंच दाखवलाय आणि उखडलेल्या जागी किती दिसतो, हे फुटपट्टी घेऊन कुणालाही तपासता येतं.

आता देखभालीला किती लागतात ते.

लोक टक्केवारी विचारतात. इमारतींसाठी एक आकडा प्रसिद्ध आहे: अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सरकारी इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीला त्यांच्या आजच्या बांधकाम किमतीच्या २ ते ४ टक्के दरवर्षी धरा असं सुचवलं होतं. तो आकडा आपल्याकडे सगळीकडे चिकटवला जातो. तुमच्या बागेला लावला तर ८० लाखांवर वर्षाला १ लाख ६० हजार ते ३ लाख २० हजार येतात. एवढ्यात एका माळ्याचं वर्ष जेमतेम निघेल. भिंतीला रोज पाणी घालावं लागत नाही आणि ती दर आठवड्याला वाढत नाही. बागेचा खर्च तिच्या बांधकाम किमतीवर ठरत नाही. माणसं, पाणी आणि रखवाली या तीन गोष्टींवर ठरतो. म्हणून वरून टक्के न लावता खालून बेरीज करावी.

अडीच एकर म्हणजे साधारण १०,००० चौरस मीटर. त्यातलं लॉन ३,००० चौरस मीटर धरते. अशा बागेला माळी आणि झाडलोटीचे मिळून चार जण लागतात. एका माणसाचा महिन्याचा खर्च, मजुरी, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), ठेकेदाराचा नफा असं सगळं धरून, हिशेबापुरता २५ हजार घेऊ. वर्षाचे झाले १२ लाख. रखवालदार पहाटे पाच ते रात्री नऊ, दोन पाळ्या. साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस धरला की दोन नव्हे, सव्वादोनच्या थोडे वर माणसं लागतात. ते ७ लाख. हा आकडा ऐकून सगळ्यांच्या भुवया उंचावतात, पण बऱ्याच बागांत रखवालीचा खर्च माळ्यांच्या निम्म्याच्या वरच असतो. रखवालदार काढून टाकला तर काय होतं, हेही मी पाहिलं आहे: आधी दिवे जातात, मग नळांच्या तोट्या, मग संध्याकाळी बायका आणि मुली येणं बंद करतात.

पाण्याचा हिशेब करा. ऐन उन्हाळ्यात आपल्याकडे लॉनला चौरस मीटरमागे दिवसाला पाच लिटर तरी लागतं. ३,००० चौरस मीटरला १५,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे दीड टँकर, रोज. टँकर दीड हजाराला धरला तर चार महिन्यांचे २ लाख ७० हजार. बोअरवेल चालू असेल किंवा मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी पाइपने येत असेल तर हा खर्च बराच उतरतो. वीज, खत, अवजारं, किरकोळ दुरुस्ती यांचे ३ लाख. बेरीज २४ लाख ७० हजार.

यात एक रक्कम अजून आलेली नाही आणि अंदाजपत्रकात ती कुणीच धरत नाही: वस्तू संपतात त्याची. खेळणी आणि ओपन जिम मिळून समजा १६ लाखांची आहेत आणि उन्हापावसात ती आठ वर्षं टिकतील, तर दरवर्षी २ लाखांची झीज होते. मातीच्या ट्रॅकला तीन-चार वर्षांनी वरचा थर नव्याने द्यावा लागतो. पंप, दिव्यांचे खांब, शौचालयाची भांडी, सगळ्यांची आपापली वर्षं लिहा आणि किमतीला त्या वर्षांनी भागा. तुमच्या बागेसाठी हे ४ ते ५ लाखांवर जाईल. मिळून वर्षाला ३० लाखांच्या आसपास.

म्हणजे ८० लाखांच्या बागेला तीन वर्षं नीट सांभाळलं की बांधकामाइतका पैसा पुन्हा लागतो. मंजुरीच्या वेळी हा आकडा ८० लाखांच्या शेजारी लिहिलेला असता, तर कारंजं आणि निम्मं लॉन तेव्हाच गळलं असतं.

म्हणून ५० लाख नाकारू नका, पण त्यांची यादी तुम्ही करून द्या. भांडवली पैशातून माळ्याचा पगार देता येत नाही, हे खरं. पण भांडवली पैसा असा खर्च करता येतो की पुढची तीस वर्षं महसुली खर्च कमी होईल. माझ्या यादीत पहिलं पाणी: प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहिनी जवळून जात असेल तर तिचं कनेक्शन, नाहीतर साठवण टाकी आणि ठिबक. दुसरं, लॉन ३,००० वरून ८०० चौरस मीटरवर आणा. मुलं ज्यावर लोळतात, म्हातारी माणसं बसतात तेवढं ठेवा. जे फक्त बघायचं आहे तिथे देशी झुडपं आणि सावलीची झाडं लावा. नुसत्या लॉनचं उन्हाळी पाणी दिवसाला १५,००० लिटरवरून ४,००० वर येतं. झुडपांनाही पहिली दोन-तीन वर्षं पाणी लागेलच, पण ठिबकवर ते फार थोडं. तिसरं, पावसाच्या पाण्याचा निचरा, कारण ट्रॅक उखडतो तो पायांनी नव्हे, साचलेल्या पाण्याने. चौथं, पाठीमागची भिंत आणि फाटक. नवं शिल्प, सेल्फी पॉइंट, रंगीत दिवे यातलं काहीही कुणी पुढे केलं तर एकच विचारा: याचं दरवर्षीचं बिल अंदाजपत्रकातल्या कुठल्या अर्थशीर्षकातून (बजेट हेडमधून) जाणार? उत्तर लेखी मागा. बहुतेक वस्तू त्या एका प्रश्नावरच यादीतून गळतात.

ओपन जिमबद्दल दोन शब्द. लोक ती खरंच वापरतात, म्हणून माझा तिला विरोध नाही. पण चालण्याचं यंत्र आणि कमरेचं चक्र यांचे बेअरिंग सगळ्यात आधी जातात. तेव्हा यंत्र जवळून बघा: बेअरिंगच्या टोपीतून तांबडी भुकटी गळत असेल तर दोन-तीन महिन्यांत ते डुगडुगायला लागणार आणि सहा महिन्यांत कुणाचं तरी बोट सापडणार. बेअरिंग काही शे रुपयांचं असतं. ते वेळेवर बदललं नाही की हजारोंचं यंत्र भंगारात जातं. ज्या कंपनीने बसवलं तिच्याशी सुट्या भागांसह तीन वर्षांचा देखभाल करार टेंडरमध्येच घालावा.

आता टेकडीची वाट. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे.

आधी जागा कुणाची ते बघा. पुण्याच्या टेकड्यांचा मोठा भाग वन विभागाकडे आहे. वेताळ टेकडी, तळजाई-पाचगाव पर्वती ही सगळ्यांच्या माहितीतली उदाहरणं. काही भाग महापालिकेचा आणि काही खासगी, ज्यावर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. सातबारा काढा. वनजमीन असेल तर महापालिका तिथे काँक्रीट ओतू शकत नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. तुमच्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, कारण वाटेला काँक्रीट नकोच आहे. फक्त पत्र मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला जाईल, उद्यान अधीक्षकाला नाही.

वाट खराब होते ती चालणाऱ्यांमुळे, असं सगळे म्हणतात. अंशतः खरं आहे. पण वाटेचा खरा शत्रू पाणी. आपल्या टेकड्यांवर काळ्या पाषाणावर मुरूम-मातीचा पातळ थर आणि त्याला धरून ठेवणारी गवताची मुळं. वाट सरळ उताराच्या दिशेने गेली की जुलैत तीच ओढा होते. पाणी माती घेऊन जातं, मधे खोबण पडते, लोक खोबण टाळायला बाजूने चालतात, बाजूचं गवत मरतं, वाट चार फुटांची पंधरा फूट होते. जगभर वाटा आखणारे एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे वाट आडवी फिरवत न्यावी. दुसरं म्हणजे वाटेचा तळ दरीच्या बाजूला अगदी किंचित, शंभराला तीन ते पाच, कलता ठेवावा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता तिला ओलांडून जातं. आणि ठरावीक अंतराने चढती वाट चार पावलं उतरवून पुन्हा चढवावी. त्या खोलगटातून पाणी बाहेर पडतं.

हे कागदावर कळत नाही. पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन वाटेवर जा, सोबत चुन्याची फक्की प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या. जिथे पाणी वाटेत शिरतं तिथल्या मोठ्या दगडाला खूण करा, जिथे बाहेर पडतं तिथेही. भर पावसात फक्की टिकली नाही तर दगडावर दगड रचून ठेवा. दोन किलोमीटरच्या वाटेवर सहसा दहा-बारा जागा सापडतात आणि सगळी घळ त्या जागांमधल्या तुकड्यांतच असते. सगळी वाट दुरुस्त करायची नसते, पाणी शिरतं त्या जागा बंद करायच्या आणि बाहेर काढायच्या जागा उघड्या ठेवायच्या. तिथे आडवा दगडी बंध, खोल घळीत अनगड म्हणजे न घडवलेल्या दगडाचे छोटे बांध, फार उभ्या तुकड्यात अनगड दगडाच्याच पायऱ्या. लोकांनी पाडलेल्या आडवाटांवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकायच्या आणि गवताला दोन पावसाळे द्यायचे. सिमेंट कुठेही नाही.

याचा खर्च बघा. मेमध्ये पाच जणांची टोळी बारा दिवस, पावसाळ्यानंतर सहा दिवस. दिवसाचे हजार धरले तर ९० हजार. अवजारं, दगडाची वाहतूक, एखादा फलक धरून दीड लाखाच्या आत. याउलट हीच वाट दोन मीटर रुंद काँक्रीटची केली तर ४,००० चौरस मीटरचं काम. चौरस मीटरला हजार-बाराशे धरले तरी ४० ते ४८ लाख. आणि ती टिकते का? उतारावरच्या काँक्रीटच्या कडेने पाणी वेगाने धावतं, खालची माती पोखरतं, तीन-चार पावसाळ्यांत पट्टा अधांतरी लटकतो आणि तुटतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं ते वेगळंच. गुडघे दुखणाऱ्या लोकांनीच काँक्रीटची मागणी केलेली मी ऐकली आहे, आणि त्याच लोकांना नंतर उतरताना जास्त त्रास झालेला पाहिला आहे. पण व्हीलचेअर किंवा बाबागाडीसाठी पायथ्याचा सपाट तुकडा पक्का करायला माझी हरकत नाही. तिथे तो करावाच.

मेचं काम मेमध्येच झालं पाहिजे. अंदाजपत्रक १ एप्रिलला लागू होतं, मग पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), मग टेंडर, मग कार्यादेश. या क्रमाने गेलात तर माणसं ऑगस्टच्या चिखलात येऊन उभी राहतात. उपाय एकच: दोन-तीन वर्षांचा दरकरार, ज्यात दर आधीच ठरलेले आहेत आणि काम सांगितलं की टोळी येते. पुढच्या वर्षांच्या दायित्वाला आधी मंजुरी घ्यावी लागते, पण ती मिळते.

वणव्याचंही इथेच सांगते. पावसाळ्यानंतर गवत वाळतं आणि फेब्रुवारी ते मे टेकड्या पेटतात. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, नोव्हेंबर-डिसेंबरातच काढायला हव्यात. खर्च फार नाही, पण तो कुठल्याच यादीत नसतो. वृक्षारोपण मात्र सगळ्यांच्या यादीत असतं. जुलैत हजार रोपं लावली असा फोटो येतो. त्या रोपांचा खरा खर्च पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा आहे आणि तो कुणी धरलेला नसतो. शिवाय आपल्या टेकड्या मुळात गवताळ होत्या. गवत म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) दाटीने लावून काय झालं ते पुणेकरांनी बघितलंच आहे: त्याच्या खाली फार काही उगवत नाही. असो, हा माझा जुना राग आहे.

पैसे कुठल्या दारातून मागायचे?

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रकाची योजना आहे. पावसाळ्याच्या शेवटाला क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, कामामागे पाच लाखांची मर्यादा. वाटेच्या दुरुस्तीला ही योजना अगदी योग्य मापाची आहे. अर्जात 'टेकडीची वाट सुधारणे' असं मोघम लिहू नका, नाहीतर पेव्हर ब्लॉक येतील. 'अनगड दगडी बंध व निचरा, सिमेंटविरहित' असं लिहा आणि फक्कीच्या खुणांचे फोटो जोडा.

झाडांसाठी वेगळं दार आहे. मालमत्ता कराच्या बिलात वृक्षसंवर्धन कराची ओळ तुम्ही दरवर्षी भरता. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं आणि त्याचं स्वतःचं अंदाजपत्रक असतं. रोपांचं पाणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी, धोकादायक फांद्यांची छाटणी हे तिथे मागा, बागेच्या ३० लाखांवर त्याचा बोजा टाकू नका.

माळी आणि रखवालदार मात्र उद्यान विभागाच्या महसुली तरतुदीतच हवेत आणि त्याची मागणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, खातेप्रमुख आकडे गोळा करत असतात तेव्हा पोचायला हवी. जानेवारीनंतर भाषणं होतात, आकडे फारसे हलत नाहीत. तरतूद झाली म्हणजे संपलं असंही नाही. वर्षाच्या मध्यात ती रक्कम दुसऱ्या कामाला फिरवता येते, पुण्यात त्याला वर्गीकरण म्हणतात. देखभालीची तरतूद अशी फिरवायला सगळ्यात सोपी, कारण न कापलेलं गवत ओरडत नाही. म्हणून नोव्हेंबरपासून स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर कुणीतरी नजर ठेवा.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्क्यांची तरतूद आहे. कंपन्या टाकी, ठिबक, खेळणी आनंदाने देतात. पगाराला पैसे द्यायला नाखूश असतात, आणि दिले तरी दोन-तीन वर्षांत त्यांचं लक्ष दुसरीकडे जातं. बाग दत्तक देण्याच्या योजनांचंही थोडंफार तेच. दत्तक करारात प्रवेश सगळ्यांना खुला राहील, वेळा महापालिका ठरवेल आणि फलकाचा आकार किती, एवढं तरी पक्कं करून घ्या. तिकिटाबद्दल माझं मत असं की एम्प्रेस गार्डनसारख्या, संस्थेने चालवलेल्या मोठ्या बागेला ते शोभतं. अडीच एकरांच्या मोहल्ल्याच्या बागेत तिकीट फाडणाऱ्याचा पगारही निघत नाही आणि ज्यांना बागेची सगळ्यात जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

खरा उपाय शहराच्या पातळीवरचा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बोल्डर या गावाने १९६७ साली मतदान घेऊन विक्रीकरात ०.४ टक्क्याची भर फक्त मोकळ्या जमिनींसाठी घातली, आणि तो पैसा जमीन घेण्याइतकाच ती सांभाळायलाही वापरता येतो. आपल्याकडे एवढं लगेच होणार नाही. पण प्रत्येक भांडवली प्रस्तावात दहा वर्षांच्या देखभालीचा रकाना सक्तीचा करणं, हे एका ठरावाने होऊ शकतं.

ठेक्याबद्दल एक सावधगिरी. देखभालीच्या टेंडरात कुणी पूर्वगणनपत्रकाच्या ३० टक्के बिलो, म्हणजे तेवढ्या कमी दराने, आला तर लोक खूश होतात, पैसे वाचले म्हणून. या कामात तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च मजुरीचा असतो. मग ते ३० टक्के कुठून निघणार? मस्टरवर (हजेरीपटावर) चार माणसं असतात आणि बागेत अडीच दिसतात. म्हणून फाटकाजवळ फलक लावायला सांगा: आज कोण कामावर आहे, आठवड्यात कुठल्या दिवशी कुठलं काम. सकाळी चालायला येणारे तुमच्यातले चार जण तो फलक आणि प्रत्यक्ष माणसं ताडून बघतील, तर बिल काढणारा कनिष्ठ अभियंताही जपून सही करेल. माळ्यांना मात्र त्रास देऊ नका. त्यांचा पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का, हे आधी विचारा. बागेची निम्मी दुखणी तिथे कळतात.

थोडक्यात क्रम असा: आधी दोषदायित्व, मग जागेची मालकी, मग खालून केलेली बेरीज, आणि ती बेरीज हातात घेऊन ५० लाखांची यादी. तुमच्याकडे प्रक्रिया केलेल्या पाण्याची वाहिनी किती लांब आहे आणि टेकडीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, एवढं कळवलंत तर आकडे अजून नेमके करून देता येतील.

कारंज्याचं राहिलं. दुरुस्त करू नका. पंप आणि तारा काढून उद्यान विभागाच्या भांडारात पावती घेऊन जमा करा, तळाला चार भोकं पाडा, मुरूम आणि माती भरा आणि मधे एक करंज किंवा कडुनिंब लावा, भोवती कठड्यावर बसायला जागा आपोआप तयार होते. तोवर त्यात पाणी साचू देऊ नका. सोसायट्यांना डासांच्या अळ्यांबद्दल नोटिसा काढणारं आरोग्य खातं महापालिकेच्याच कारंज्याला नोटीस काढत नाही, पण डेंग्यूचा डास त्यात फरक करत नाही.